उभी, आडवी आणि आमचे हेडसर

शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत. पोषण आहाराच्या डाळीत खडे येतात तसे ते येतात, दाताखाली आले की कळतं! माझ्याकडचे बहुतेक एकाच महिन्यातले आहेत. गावातल्या दारूच्या दुकानावर मतदान झालं, त्या महिन्यातले.

धामणगाव बढेच्या पुढे आमचं गाव. मी तिथे शिक्षण सेविका, नोकरीचं दुसरं वर्ष. मतदान फक्त बायकांचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे देशी दारूचं दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. जी घरीच बसली ती आपोआप दुकानाच्या बाजूला!

मागणीच्या अर्जावर पहिली सही शोभाताईंची. त्या आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. नवरा सकाळपासून दुकानात. दुकानदार शाळेच्या समितीवर, त्याने निरोप धाडला, "दुकान राह्यलं तर तुयं खिचडीचं काम गेलं समज."

आणि मतदान केंद्र आमच्याच शाळेत. हेडसरांना तहसीलचं पत्र आलं: शाळेने कोणाचाही प्रचार करू नये.

*

पत्र आलं त्या दिवशी हेडसर व्हरांड्यात थबकले. पोरांच्या पाण्याच्या बाटल्या भिंतीला ओळीने उभ्या होत्या.

"या उभ्या कोणी ठेवल्या?"

"रोजच असतात, सर," मी म्हटलं. पण तिसरीतल्या पोरांनी घाबरून भराभर सगळ्या आडव्या केल्या.

"आडव्या नको! आडव्या तर मुळीच नको!"

शेवटी हुकूम निघाला, बाटल्या दप्तरात. संध्याकाळपर्यंत अर्ध्या वर्गाची गणिताची पुस्तकं ओली. हेडसर म्हणाले, "भिजू द्या. पण शाळा तटस्थ राहिली पाहिजे."

*

पाण्याच्या टाकीवर दुकानदाराचं नाव आहे, त्यानेच दिलेली टाकी. हेडसरांनी त्या नावावर जुना पेपर चिकटवला. मला बरं वाटलं, म्हटलं चला, निदान एवढं तरी केलं!

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पोरगं पाणी प्यायला गेलं की कागदाचा कोपरा उचलून आत बघायचं. उघडं होतं तेव्हा ते नाव कोणी वाचत नव्हतं. आठवड्यात पहिलीच्या पोरांना ते पाठ झालं. आडनावासकट!

*

सहावीला मी निबंध दिला, 'माझे बाबा'. हेडसरांनी वह्या मागवल्या. शोभाताईंच्या मुलीने एकच ओळ लिहिली होती, "माझे बाबा सकाळी उठतात तेव्हा चांगले असतात."

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मॅडम, हा प्रचार होतो. विषय बदला. 'माझा आवडता पक्षी' द्या."

दिला. तिने लिहिलं, "माझा आवडता पक्षी टिटवी. कोणी आलं की ती ओरडते, म्हणजे पिलं लपतात. माझी आईपण."

ती वही हेडसरांनी माझ्याकडे परत दिलीच नाही.

*

मग मात्र मी ऑफिसात जाऊन भांडले. ही मोठी माणसं गप्प बसतात आणि त्याला संयम म्हणतात, याचा मला मनापासून राग आहे.

"मॅडम, बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कधी कोणाची बाजू घेतली नाही," हेडसर म्हणाले.

"म्हणूनच दुकान बत्तीस वर्षं चालू आहे, सर!"

शोभाताई दारात उभ्या होत्या, हातात खिचडीचा डाव. मला वाटलं, आता त्या तरी माझ्या बाजूने बोलतील.

"मॅडम, सरावर काऊन चिडून राह्यल्या? तुमी दोन वर्षांत बदली करून जासान. मले इथंच राहाचं हाय, अन् सराले पेन्शन घ्याची हाय." मग त्या हेडसरांकडे वळल्या, "जेवून घ्या सर, थंडी होते खिचडी."

इतकी लाज मला कॉलेजात नापास झाले तेव्हाही वाटली नव्हती.

*

निकाल आधीच सांगून टाकते: बाटली आडवी झाली, अगदी थोडक्यात. शोभाताई अजून खिचडी शिजवतात. पण किस्सा मतदानाच्या दिवसाचा आहे.

तो रविवार होता. दुकानदाराने नेमकी त्याच दिवशी नाल्यापलीकडच्या शेतात कापसाची वेचणी काढली. गावातल्या कितीतरी बाया तिकडे. मतदान पाचपर्यंत; त्यांना सांगितलं होतं, सहापर्यंत आहे, आरामात जा.

चार वाजले तरी खोली रिकामी. शोभाताई शेताकडे धावत गेल्या. मुकादमाने त्यांना बांधावरूनच हाकललं. परत आल्या आणि फाटकाबाहेर मातीतच बसल्या. रडल्या नाहीत, नुसत्या बसल्या. मला यादीचं काम दिलेलं, जागेवरून हलता येत नव्हतं. हेडसर सकाळपासून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याकडे बघायचीसुद्धा मला इच्छा नव्हती.

त्यांनी घड्याळ पाहिलं. उठले. कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा म्हणजे आमची घंटा. हातोडी घेतली आणि ठोके द्यायला लागले. पाच नाही, दहा नाही, थांबेचनात! तो आवाज शिवारभर जातो.

पहिली बाई नाल्यातून धावत वर आली, कमरेला कापसाची ओटी तशीच. तिच्यामागे दुसरी, मग रांगच. "काय झालं सर? माही पोरगी कुठं हाय?"

"पोरं घरी आहेत, बाई. सगळी बरी आहेत," हेडसर म्हणाले. हात थांबला नाही.

बाया धापा टाकत उभ्या राहिल्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, मग फाटकाजवळच्या शोभाताईंकडे, मग मतदानाच्या खोलीकडे.

तहसीलचे साहेब खोलीतून तरातरा बाहेर आले. "अहो गुरुजी, हे काय चाललंय? आज रविवार आहे!"

"हाव," हेडसर म्हणाले, आणि आणखी एक ठोका दिला.