नवऱ्याचं नाव

गिरणीच्या कचेरीत खात्याच्या मास्तरांनी सुताची कांडी माझ्या डोळ्यांपुढं धरली.

"हे काय?"

मला माहीत होतं. तिचं वजन माहीत होतं. कांडी कुठं खरखरीत झाली की सूत तुटतं, तेही माहीत होतं. शब्द मात्र येईना.

"सूत... सुताचं ते..."

कारकून तोंडावर हात धरून हसला. मास्तरांनी टेबलावरची कात्री उचलली.

"आणि हे?"

"कापायचं."

"वा! बोबड्या पोराला येतं, नायकिणीला येत नाही."

सोलापूरच्या एका गिरणीत, सूत गुंडाळायच्या खात्यात, मी नायकीण होते. म्हणजे बायकांवरची मुकादम. अक्षर येत नव्हतं, पण याद्या सगळ्या डोक्यात. कोण आली, कोण बाळंतपणाला गेली, कुठलं यंत्र बंद, कुणाला कुठं बसवायचं. भोंगा व्हायच्या आत सगळं जागच्या जागी.

मग एके दिवशी चालत्या चाकावरचा पट्टा सुटला आणि त्याचं लोखंडी टोक माझ्या कानाच्या वर बसलं. जखम भरली. मी कामावर आले. हात पूर्वीसारखे चालत होते, पण नावं गेली. वस्तूंची गेली, माणसांची गेली.

रडत बसायचा माझा स्वभाव नाही. मी बायकांना जागेवरून ओळखू लागले. खिडकीजवळची, खांबाजवळची, दाराशी बसणारी. शेजारच्या यंत्रावरची नरसम्मा रोज सकाळी माझ्याकडून नावं घोकून घ्यायची. दुपारपर्यंत अर्धी सांडलेली असायची. तरी काम अडू दिलं नाही.

एक नाव मात्र तिलाही विचारता येईना. माझ्या वारलेल्या नवऱ्याचं.

बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमची रीत. ते होते तेव्हा मी "अवो" म्हणायची. त्यामुळं ते नाव माझ्या डोक्यातून गेलंय, हे कुणाला कळलंच नाही. मूलबाळ नाही, नाहीतर त्याच्या नावापाठोपाठ यांचं ऐकू आलं असतं. चुलीपुढं बसून मी दिवसभरात कानावर पडलेली, टिकलेली पुरुषांची नावं एकेक तोंडात घोळवायची. एकही यांना बसायचं नाही. यांची फुटलेली टाच आठवायची, खोकला आठवायचा. नाव नाही. यांना मीच दुसऱ्यांदा मारलं, असं वाटायचं.

त्या दिवशी कचेरीत, कांडी-कात्री विचारून झाल्यावर, कारकुनानं कागद वाचून दाखवला. डोकं बिघडल्यामुळे बाई आपखुशीने काम सोडत आहे.

"नवऱ्याचं नाव?" त्यानं टाक दौतीत बुडवला.

मी मान खाली घातली. माझ्या सोबतीला आलेली नरसम्मा पुढं सरकली. "बायका न्हाय घेत नाव, सायेब. मी सांगते की."

रीत मला पुन्हा वाचवत होती. अन् वाचवून, तो खोटा कागद पुरा करून, दाराबाहेर घालवत होती. मी नरसम्माचा हात धरला.

"थांब गं. सायेब, मला त्यांचं नाव येत न्हाय. लाजून न्हाय. तुमच्या पट्ट्यानं नेलं. आदी ते लिवा."

मास्तर म्हणाले, "बघा, स्वतःच कबूल करते. घ्या अंगठा."

कारकुनानं माझं मनगट पकडलं. मी मूठ आवळली. त्यानं बोटं उकलायला बघितली. शाई माझ्या हातभर, लुगडंभर झाली. मूठ उघडली नाही. मग मला बाहेर काढलं.

फाटकाबाहेर नरसम्मानं हळूच यांचं नाव सांगितलं. मी ते घोकत घरी गेले. चूल पेटेपर्यंत ते पुन्हा गेलं होतं.

अक्षरं मी नंतर शिकले. आजही लिहिताना शब्द अडला की जागा मोकळी सोडते, कुणालातरी विचारून भरते. काही जागा तशाच राहतात. त्या भरणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

अंगठा दिला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी मी फाटकाशी उभी होते. आत घेतलं नाही. तिसऱ्या दिवशीही गेले.

माझ्याबद्दल कुणी लिहिलंच, तर हाकललं, असं लिहा. तिनं काम सोडलं, असं मी कुणाला लिहू देणार नाही.