नळीतलं विरजण

भाचीला न्यायला मी विद्यापीठात गेलो होतो. देशात आपला नंबर कितवा, हे सांगणारा भलामोठा फलक फाटकावर होता. दगडी मनोऱ्यापुढे लोक फोटो काढत होते. मला असल्या मिरवण्याचा कंटाळाच येतो.

प्रयोगशाळेत भाची म्हणाली, "मामा, पाच मिनिटं. आता बोलू नकोस, श्वाससुद्धा तिकडे तोंड करून घे." तिने स्पिरिटच्या दिव्यावर तार लाल केली, निवू दिली, काचेच्या जुन्या नळीतली कणभर बुरशी उचलली आणि नव्या नळीतल्या ताज्या खाद्यावर अलगद टेकवली. वर कापसाचा बोळा.

"आमच्या बाईंच्या सरांच्या सरांनी ही मागच्या टेकडीवरून आणली," ती म्हणाली. "हिच्यावर संशोधन करून कितीजण डॉक्टरेट झाले. दर काही महिन्यांनी कुणीतरी ती नव्या नळीत लावतं. एकदा राहिलं, की संपली."

म्हणजे घरात विरजण राखतात तसंच हे. आणणारे गृहस्थ केव्हाच गेले, विभागाच्या नावाची पाटीही बदलली असेल; पण सुट्टीला गावी जाण्याआधी प्रत्येकाने आठवणीने हा दिवा पेटवला. त्या पांढऱ्या ठिपक्यापुढे मला बाहेरचा मनोरा अगदी ठेंगणा वाटला.

"तू गेल्यावर कोण लावणार?"

तिने दिव्यावर झाकण ठेवलं. "माझ्यानंतरची ठरलीये. तिच्यानंतरचं कुणीतरी असेल आत्ता कुठल्यातरी शाळेत, पाढे म्हणत."