विचारल्याशिवाय फोटो नाही

सुईताईचं खरं नाव फक्त संस्थेच्या हजेरीवर होतं, कुणाच्या तोंडी नव्हतं. सुई हातातून सुटत नाही म्हणून सुईताई, असं ती सांगायची. जीभ टोकदार म्हणून, असं बाकीचे सांगायचे.

संस्था गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत होती. भाजल्याची जखम भरली की तिथली कातडी जाड होते, आखडते. तसं होऊ नये म्हणून अंगाला घट्ट बसणारे हातापायांचे मोजे, पट्टे, बंड्या महिनोन्महिने घालाव्या लागतात. सुईताई ते एकेकाच्या मापानं शिवायची आणि संस्था ते फुकट द्यायची. सोशल मीडियावरचं संस्थेचं पेजही तीच सांभाळायची, कारण बाकीच्यांना ती नसती डोकेदुखी वाटायची.

तिच्या स्वतःच्या हनुवटीपासून गळ्यापर्यंत व्रण होता. ती शाळेत असताना स्टोव्ह भडकला, तेव्हा इस्पितळात कुणीतरी तिचा फोटो काढला आणि मदतीच्या पोस्टरवर छापला. खाली लिहिलं होतं, ‘हिला वाचवा.’ ती बरी होऊन शाळेत जायला लागली तरी बसथांब्यावर ती मरणाच्या दारातच होती. आईनं एक पोस्टर नखांनी खरवडून काढलं. पण शहरभरच्या भिंतींना एकटी आई कुठवर पुरी पडणार?

एके सकाळी बेकरीवाली आली. भट्टीचा भडका उडून तिचा गाल आणि हात भाजला होता, मोज्याचं माप आधीच देऊन झालं होतं. आज मात्र ती खुर्चीत बसलीच नाही.

“ताई, माझ्या मुलीला वर्गात कुणीतरी माझा फोटो दाखवला. मी रडतेय तो. तुमच्या पेजवर आहे म्हणे.”

सुईताईनं फोनवर पेज उघडलं. माप घेताना कळ आली होती, तेव्हाचा फोटो. दाराच्या फटीतून काढलेला. संस्थेच्या कॉम्प्युटरवर पेज उघडंच असायचं, तिथून लावला होता सरांनी. सर म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. माणूस तळमळीचा, संस्थेपायी घरदार विसरलेला, पण लाइक वाढायला लागले की त्यांना तहानभूक उरत नसे. फोटो हजारोंनी पुढे पाठवला होता.

सुईताईनं तो बेकरीवालीच्या डोळ्यांदेखत काढून टाकला. मग उभ्याउभ्याच लिहिलं, ‘काल इथे एका बाईंचा फोटो त्यांना न विचारता लावला होता. चूक आमची आहे. ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांनी कृपा करून काढून टाकावा.’

सर तासाभरात जिना चढून आले ते तापलेलेच.

“ताई, अहो एवढी मदत यायला लागली होती! आणि तुम्ही चक्क माफी मागितलीत? चारचौघांत आपलीच अब्रू काढलीत!”

“आपली नाही काढली, त्या बाईंची काढली. मी फक्त कबूल केलं.”

“लोकांना दुःख दिसल्याशिवाय पाझर फुटत नाही. आपलं काम चांगलं आहे हो!”

“चांगलं आहे ना? मग त्याला चोरीचा फोटो कशाला लागतो?”

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “पेज संस्थेचं आहे. पासवर्ड द्या.”

“घ्या की. पण तो फोटो परत लागला, तर त्याखाली पहिली कॉमेंट माझी असेल. आणि उद्यापासून मापं तुम्हीच घ्या.”

सरांना शर्टाचं तुटलेलं बटणही लावता येत नसे. ते पासवर्ड न घेताच खाली उतरले.

पुढे मदत देणाऱ्या काहींनी हात आखडता घेतला. एकानं पेजवर लिहिलं, ‘एवढा तोरा असेल तर मागता कशाला?’ सुईताईनं उत्तर दिलं, ‘मदत मागतो. त्यासाठी दुसऱ्याचा चेहरा विकत नाही.’

मोजा न्यायला बेकरीवाली आली, तेव्हा सुईताईनं तिला विचारलं, “पेजवर नुसता मोजा घातलेला हात दाखवला तर चालेल?”

“नाही. हातसुद्धा नाही.”

“बरं,” सुईताई म्हणाली, आणि तो विषय तिथंच संपला.

मग तिनं फोन शिलाई मशिनला टेकवून उभा केला, व्हिडिओ सुरू केला आणि ओढणी बाजूला केली. “हा व्रण माझा आहे,” ती म्हणाली. “तो दाखवायचा की नाही, हे आजवर दुसरे ठरवत होते. आज मी ठरवलं.” आणि मोजा कसा बेततात, बोटांच्या बेचक्यात शिवण का येऊ द्यायची नाही, कसलं कापड लागतं, ते शिवता शिवता सांगितलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. “अगं, सगळ्या जगाला दाखवलंस?”

“मी दाखवलं, आई. मी.”

आई म्हणाली, “केस तरी नीट बांधायचे होतेस.”

तो व्हिडिओ रडत्या फोटोच्या पासंगालाही पुरला नाही. पण तो बघून एक वेल्डर आला. गेली काही वर्षं तो भाजलेला हात फडक्यात गुंडाळून हिंडत होता. कुणीतरी ताणल्या जाणाऱ्या कापडाचा गठ्ठा पाठवला, सोबत नाव नाही की पत्ता नाही.

वेल्डरचं माप चालू असतानाच सर एका पाहुण्यांना घेऊन दारात आले. हातात फोन होताच.

“एकच हं ताई. पाठमोरा.”

“मला काय विचारता?” सुईताई टेपवरून नजर न काढता म्हणाली. “त्यांना विचारा.”

सरांनी घसा खाकरला. “काढू का हो?”

“नको,” वेल्डर म्हणाला.

सरांनी फोन खिशात घातला आणि पाहुण्यांना चहाला खाली नेलं.