आईचा डोळा आणि बाबांची घोडी

त्या वर्षी आमच्या घरात दोघीजणी अडून बसल्या होत्या. आई डोळ्यांच्या दवाखान्याचं फाटक ओलांडत नव्हती, आणि बाबांनी नवीनच आणलेली घोडी बँडचा आवाज आला की पळत सुटायची. गोंदिया जिल्हा तेव्हा नुकताच भंडाऱ्यातून वेगळा झाला होता. मावशीचं घर जागच्या जागी राहून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, याचं आईला कोण नवल वाटायचं. स्वतःचे डोळे कुठे चालले आहेत, याचं नाही.

आम्ही पवनीचे, बापजाद्यांपासून माग चालवणारे. साडीचा काठ विणण्यात आईचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि काठातले धागे चुकायला लागले. व्यापाऱ्यानं एक साडी परत पाठवली. आईनं ती घडी करून पेटीत ठेवली आणि त्या दिवशी जेवली नाही. डॉक्टर म्हणाले होते, आणखी वाट पाहिली तर ऑपरेशन करूनही फायदा नाही. पण शेजारच्या काकूनं तिला सांगून ठेवलं होतं की डोळा काढून वाटीत ठेवतात, धुतात आणि परत बसवतात. काकू स्वतः कधी दवाखान्यात गेली नव्हती, त्यामुळे तिची माहिती पक्की होती.

बाबांनी एकदा आईला दंडाला धरून भंडाऱ्याला नेलं. फाटकापाशी तिनं हात सोडवून घेतला, एकटीनं एसटी गाठली आणि बाबांच्या आधी घरी पोचून भात टाकला. मी विचारलं, पाटी कशी वाचली? म्हणाली, वाचली कायले, कंडक्टरले विचारलं. मागून बाबा आले आणि ओरडले. त्यांना कोणत्याही दुखण्यावर तेवढं एकच औषध माहीत होतं.

घोडी आणली आसगावच्या एका बँडवाल्याकडून, लगीनसराईत नवरदेव बसवायला. मागावर पोट भरत नव्हतं हे खरं, पण विणकराला घोड्यातलं काय कळतं, हेही खरं. रंगानं पांढरी होती, म्हणजे धुतल्यावर. ती इतक्या सहज का दिली, हे मागाहून कळलं. एका वरातीत मारोतीच्या देवळापुढं कोणीतरी नोट ओवाळायला नवरदेवाच्या डोक्यावर हात नेला, आणि ही नवरदेवासकट निघाली. नवरदेव भाताच्या तणसाच्या ढिगात सापडला. लग्न लागलं, पण घोडीचं नाव गेलं.

बाबा तिला रोज सकाळी आंगणात फिरवायचे. फिरवायचे म्हणजे ओढायचे. बाबा पुढे, ती मागे, मधे दोर ताठ. तोंडाजवळ हात नेला की ती मान झटकायची आणि डोळ्यांचं पांढरं दाखवायची. मग बाबा तिच्यावरही ओरडायचे. माझं डोकं फिरायचं. एकदा तोंडावर म्हटलं, तुमच्यानं ना घोडी वळणार, ना आई. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बरंच झालं, तेवढं ओरडणं वाचलं.

आई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली असायची. विणणं बंद होतं, पण बसायची तिथंच. आंगणातलं तिला दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं यायचं. एके सकाळी ती आतून म्हणाली,

"अजी, कायले ओढून राहिले? मागावरचा ताणा ओढला तं तुटते. ढील द्या तिले."

बाबा म्हणाले, तुले काय दिसते तिथून. ती म्हणाली, दिसत नाही म्हणून तं ऐकून राहिली, श्वास कोंडून उभी आहे ते.

बाबांनी दोर सैल सोडला. बहुतेक आईला खोटं पाडायलाच. घोडी पळाली नाही. बाबा तिच्या खांद्याशी उभे राहिले, समोर नाही, कारण समोर राहिलं की ती पायावर पाय द्यायची. बराच वेळ काहीच झालं नाही. मग घोडीनं मान खाली घातली, ओठ चाटले आणि नाकातून फुर्र करून लांब श्वास सोडला. आई आतून म्हणाली, आता चाला.

त्यानंतर रोज तेच. मानेवर हात ठेवायचा, ती ताठरली की हात तिथंच राहू द्यायचा, तिनं श्वास सोडला की काढून घ्यायचा आणि खिशातले फुटाणे द्यायचे. मग डोक्यावरून रुमाल फिरवला, मग आईची जुनी साडी. मग मी ताट वाजवायची, आधी पार रस्त्यावरून, नंतर जवळून. मोहल्ल्यात माझ्याबद्दल काय बोललं गेलं ते सोडा. घोडी मागे सरकली की आम्हीही सरकायचो. आणि बाबा, आमचे बाबा, हळू आवाजात म्हणायचे, "मी आहो ना. घाई नाही." हा आवाज आमच्या घरात कोणी ऐकला नव्हता. आईनं मला जवळ बोलावून विचारलं, आंगणात कोण आलं आहे.

लगीनसराईत घोडी बँडच्या पुढ्यात उभी राहिली. कान हलवत, पण उभी राहिली. नवरदेव मारोतीचं दर्शन घेऊन आला आणि आपल्या पायांनी खाली उतरला. बाबा घरी आले आणि आईच्या शेजारी बसले. समोर नाही, खांद्याशी. मी तेव्हाच ओळखलं की आता आईची पाळी आहे.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, भंडाऱ्याला जाऊन चहा पिऊन येऊ. दवाखाना नाही, नुसता चहा. गेले, प्याले, आले. पुढच्या खेपेला चहा फाटकासमोरच्या टपरीवर. मग फाटकाच्या आत नळावर पाणी प्यायला. मग वऱ्हांड्यातल्या बाकावर घटकाभर टेकायला. एसटीचं भलं झालं. मी आईला सोबत म्हणून गेले होते त्या खेपेची गोष्ट. बाकावरून उठताना आई म्हणाली,

"मले घोडी समजता काय?"

"नाही वं," बाबा म्हणाले. "घोडी लवकर शिकली."

आई हसली नाही. फुटाणे मात्र मागितले.

ऑपरेशनच्या दिवशी आईचं नाव पुकारलं. ती उठली आणि दारापाशी जाऊन थिजली. बाबा तिच्या खांद्याशी. तिच्या पदराचं टोक त्यांच्या दोन बोटांत, सैल. सिस्टर म्हणाली, चला लवकर. बाबांनी तिला हात जोडून थांबवलं आणि आईच्या कानाशी तेच म्हणाले, मी आहो ना, घाई नाही. आई तशीच उभी. रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. मग तिनं लांब श्वास सोडला आणि आत गेली. पदर बाबांच्या बोटांतून निसटला.

दार लागलं तरी बाबा तिथंच. दोन बोटं तशीच धरलेली. बसा म्हटलं, बसेनात. पाणी दिलं, घेईनात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दवाखान्याला आईपेक्षा हाच माणूस जास्त घाबरत होता, आणि म्हणून इतके दिवस ओरडत होता. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. मी त्यांच्या खांद्याशी जाऊन उभी राहिले.

आईला बाहेर आणलं ते एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. दुसऱ्या डोळ्यानं तसंही दिसत नव्हतं. आई आमच्यापुढं येऊन थांबली आणि तिनं कान दिला.

"अजी," ती म्हणाली, "सोडा आता श्वास. मी आहो ना."

बाबांनी श्वास सोडला. इतका मोठा, की बाकावरच्या माणसांनी वळून पाहिलं. मग आईनं चाचपत त्यांच्या खिशात हात घातला, फुटाणे काढले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले.