ग्लिन फिट आहे का?

"एपिलेप्सी," कन्सल्टंट म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. "यापुढे फुटबॉल नाही. गाडीही चालवायची नाही. दोन वर्षं एकही झटका आला नाही, तर लायसन्सचं पाहू."

ग्लिन, माझा नवरा, तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. खांदा निखळल्यामुळे उजवा हात झोळीत होता, गालावर खरचटलेलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "पण क्लबला माहीत होतं. माहीत असून त्यांनी मला खेळवलं. ते कसं?"

ते कसं, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि तेही चार दिवसांपासून.

ज्यांच्या घरी हे दुखणं आलंय किंवा येऊ घातलंय, त्यांच्यासाठी लिहितेय. एपिलेप्सी म्हणजे अपस्मार. मेंदूतल्या विजेचा ताल मधेच बिघडतो, शरीर आखडतं, झटके देतं, शुद्ध जाते. आपण घरात सरळ म्हणतो, फिट आली. हा शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं.

ग्लिन वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या गावचा. मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात जन्मभर धावणारा. चौदा वर्षांत सात क्लब, सगळे खालच्या डिव्हिजनमधले. कुणाचा पाय मोडला की याला बोलवत, आणि तो पाय बरा झाला की याला सोडत. चार वेळा तो फ्री ट्रान्सफरवर गेला. लग्नानंतर मी त्याला या शब्दाचा अर्थ विचारला. "याला फुकट न्या, असं क्लब बाकीच्यांना सांगतो," तो म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

दर आठवड्याला मॅनेजर विचारत, "फिट?" ग्लिन म्हणे, "फिट." घोटा सुजलेला असो की बरगडी दुखत असो, उत्तर तेच. नाही म्हटलं की जागा गेली. एकदा उत्तरेकडच्या एका क्लबात हेडर घेताना, म्हणजे चेंडू डोक्याने मारताना, दोन डोकी आपटली. परतीच्या बसमध्ये तो तीनदा ओकला आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानात उतरला. ते आमच्या लग्नाच्या आधीचं. मला ते हॉस्पिटलात कळलं.

मी पुण्याची. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला दादाकडे आले आणि तिथेच राहिले. माझं इंग्रजी समोर माणूस असला तर निभायचं, त्याचा चेहरा बघून अंदाज बांधता यायचा. फोनवर मात्र माझी त्रेधा उडायची.

मार्चमधली गुरुवारची सकाळ होती. मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे ग्लिन दोन आठवडे बाहेर होता. सात वाजता बाथरूममधून धप्प आवाज आला. जाऊन पाहते तर तो जमिनीवर, डोळे वर गेलेले, सगळं अंग हिसके देतंय. मी काय केलं? धावत जाऊन कांदा आणला, फोडला आणि त्याच्या नाकाशी धरला. आमच्या आळीत सगळे हेच करायचे. दोन मिनिटांनी झटके थांबले आणि तो घोरायला लागला. मला वाटलं, कांद्यानेच केलं.

जरा वेळाने त्याने डोळे उघडले. "एवढ्या सकाळी भाजी?" म्हणाला. मग जीभ चावली गेल्याचं त्याच्या लक्षात आलं.

"कुणाला सांगू नकोस, सुधा. सोमवारी डॉक्टरकडे जातो. क्लबला मीच सांगेन." एवढं बोलून तो झोपून गेला.

दहा वाजता फोन वाजला. क्लबचा असिस्टंट मॅनेजर रॉन होता, यॉर्कशायरचा, तोंडात सुपारी धरून बोलावं तसं बोलायचा. ग्लिन कुठाय म्हणाला. झोपलाय म्हटलं. मग त्याने विचारलं, "इज ही फिट?"

यांना कुणी सांगितलं? पण विचारलंच आहे तर खोटं कशाला बोला?

"येस," मी म्हणाले. "फिट. धिस मॉर्निंग. सेव्हन ओ'क्लॉक."

रॉन मोठ्याने हसला. "सेव्हन ओ'क्लॉक! ग्लिन तो ग्लिनच. त्याला सांग, शनिवारी तो टीममध्ये आहे."

मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले. घरात माणूस तडफडला आणि हा हसतो! या लोकांना कुणाच्या जिवाची काही पडलेली नाही, असं मनात आलं. संतापाने माझे कान गरम झाले होते.

ग्लिन उठल्यावर मी सांगितलं, "त्यांना कळलंय. मी फिटचं सांगितलं. तरी शनिवारी ये म्हणाले."

तो पलंगाच्या कडेला उठून बसला. मग म्हणाला, "माहीत असूनही त्यांना मी हवाय?" त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आमच्या लग्नातही मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता.

शनिवारी मी स्टँडमध्ये होते. विसाव्या मिनिटाला, आसपास कुणीही नसताना, तो कोसळला. लोकांना वाटलं नाटक करतोय. माझ्या मागचा एक जण ओरडला, "ऊठ रे, म्हाताऱ्या!" तो उठला नाही. त्याची टाच गवतावर आपटत होती, ते मला तिथूनही दिसत होतं.

त्यानंतरचे पाच दिवस वॉर्ड, लिफ्ट आणि वेटिंग रूम. सीटी स्कॅन, म्हणजे डोक्याचे आडवे काप घेतल्यासारखे फोटो. त्यात मेंदूवर जुन्या माराचा व्रण दिसला. ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतली वीज कागदावर उतरवतात. दुखत नाही, फक्त केसांतला चिकटा निघत नाही. वेटिंग रूममध्ये जुनी बागकामाची मासिकं होती. मी गुलाबाची छाटणी तीनदा वाचली, आजही येत नाही.

रविवारी वॉर्डात रजिस्ट्रार आले, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचे. डॉक्टर केळकर, मूळचे सातारचे. मराठी ऐकून मला रडूच कोसळलं. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"गुरुवारी सकाळी फिट आली होती, तर शनिवारी खेळू कसं दिलं?"

"अहो, मी क्लबला सांगितलं होतं ना!"

"काय शब्दांत सांगितलंत?"

मी शब्द न् शब्द म्हणून दाखवला. येस, फिट, धिस मॉर्निंग. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"वहिनी, तो खेळायला तंदुरुस्त आहे का, एवढंच विचारत होता हो."

डॉक्टर म्हणाले, हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही, व्रण जुना आहे, आज ना उद्या हे होणारच होतं. ते खरंच होतं. पण गाडी चालवताना झालं असतं तर, तो मैदानात उतरलाच नसता तर, हे हिशेब डॉक्टर करत नाहीत. ते बायकोला करावे लागतात.

आणि मी ग्लिनला सांगितलं नाही. तो प्रत्येकाला सांगत असे, "त्यांना माहीत होतं, तरी मला घेतलं." कधी चिडून सांगे, कधी चक्क अभिमानाने. चार क्लबांनी त्याला फुकट न्या म्हणून सोडला होता. कुणाला तरी तो आजारासकट हवा होता, एवढीच त्याची कमाई. तीही मी कशी काढून घेऊ?

गोळ्या सुरू झाल्या, कार्बामाझेपिन, झटके दाबून ठेवणाऱ्या. त्यांनी झोप यायची, शब्द सापडायचे नाहीत. दिवसभर तो खिडकीशी बसायचा. एका शाळेत केअरटेकरची जागा होती, त्याने फॉर्म भरला नाही.

जुलैत रॉन द्राक्षं घेऊन दारात आला. ग्लिनने त्याला आत घेतलं नाही.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?" रॉनचा चेहरा अगदी कोरा होता.

ग्लिनने दार लावून घेतलं. "खोटारडा," म्हणाला. खिडकीतून मला रॉन दिसला, द्राक्षं पायरीवर ठेवून निघाला होता. साठीचा माणूस, फाटकाची कडी दोनदा हुकली. मग मात्र माझ्याने राहवेना.

मी ग्लिनसमोर बसले आणि सगळं सांगितलं. आपल्याकडे फिट म्हणजे काय, रॉनने काय विचारलं, मी काय ऐकलं, आणि मला केव्हापासून माहीत आहे तेही. "त्यांना काहीच माहीत नव्हतं, ग्लिन. चूक माझी आहे."

तो उठून मागच्या बागेत गेला. तासभर कुंपणाकडे तोंड करून उभा होता. आता हा मला सोडणार, असं मी धरूनच चालले होते.

आत आला तेव्हा डोळे लाल होते. "म्हणजे त्यांनाही नकोच होतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "चौदा वर्षं मला विचारत होते, फिट? मी दर वेळी हो म्हणालो, निम्म्या वेळा खोटं. त्या प्रश्नाला खरं उत्तर दिलंस ते तू एकटीनेच."

मी ओक्साबोक्शी रडले. तो पायरीवरची द्राक्षं आत घेऊन आला.

तुमच्या घरी कुणाला झटका आला तर कांदा, चप्पल काही हुंगवू नका. तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर अँब्युलन्स बोलवा. आणि फोनवर समोरचा काय विचारतोय हे कळलं नाही, तर परत विचारा. लाजू नका. मी लाजले होते. डॉक्टर केळकरांचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते. त्यांनी मला चूक सांगितली आणि सोडून दिली, कुणाजवळ बोलले नाहीत.

ग्लिन आता त्या शाळेत केअरटेकर आहे. फुटबॉल बघत नाही. शनिवारी दुपारी तीन वाजले, सामन्यांची वेळ झाली, की घरात नको असलेल्या पाहुण्यासारखा वावरतो, तेव्हा त्याच्याशी बोलायचं नाही हे मी शिकलेय.

त्या जुलैत, दुसऱ्या रविवारी, त्याने रॉनला चहाला बोलावलं. दार ग्लिननेच उघडलं. रॉन इतका घाबरला होता, की सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "फिट?" आणि तो कानापर्यंत लाल झाला.

ग्लिनने थोडा विचार केला.

"चार महिन्यांत एकही नाही," तो म्हणाला आणि बाजूला झाला.