पहिलीची वर्गणी

लतिका परुळेकर यांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक जून अशी आहे. ती खरी नाही. त्या काळी मूल पहिलीत घालायला आलेल्या बापाला तारीख आठवत नसे आणि मास्तरांना एवढी एकच तारीख आठवत असे. बाईंचे वडील दत्ताराम गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवत. रात्रपाळी संपवून ते मुलीला थेट शाळेत घेऊन आले, तिचं नाव घातलं आणि वर्गाबाहेरच्या बाकावर बसल्याबसल्या झोपी गेले. त्याच भोईवाड्यातल्या पालिकेच्या शाळेत बाई पुढे शिक्षिका झाल्या आणि यथावकाश मुख्याध्यापिका. त्यांची निवृत्तीही त्या खोट्या तारखेप्रमाणेच होणार होती, आणि ती आता फार लांब नव्हती.

शाळा बांधली तेव्हा तिचं ध्येय एका वाक्यात सांगता येत असे: गिरणीत जाणाऱ्याला सही करता यावी. एके काळी खाली मराठीचे वर्ग असत आणि वरच्या मजल्यावर दुपारी तेलुगूचे, कारण विणकरांची मुलंही इथलीच होती. पोरं इतकी की शाळा दोन पाळ्यांत चाले, गिरणीसारखी. मग गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, आणि टॉवरमधली मुलं पिवळ्या बसमधून कुठेतरी लांब जाऊ लागली. शाळेची ध्येयं मात्र वाढत गेली. प्रत्येक नव्या धोरणाबरोबर भिंतीवर एक वाक्य रंगवलं जाई. आता भिंतीवर जागा नाही आणि वर्गात आहे.

फेब्रुवारीत निरीक्षक रघुवीर सामंत आले. सज्जन माणूस, वाईट बातमी सांगताना आधी पाणी मागायचे. जूनअखेर पहिलीत वीस मुलं दिसली नाहीत तर मराठीची पहिली बंद करून ती खोली वरच्या मजल्यावरच्या इंग्रजी शाखेला द्यायची, असं ठरत होतं. इंग्रजी शाखाही पालिकेचीच. तिच्या प्रवेशाची रांग जिन्यावरून खाली येऊन मराठीच्या दारात संपत असे.

“पहिली गेली की पुढच्या वर्षी दुसरी जाते, सामंतसाहेब,” बाई म्हणाल्या.

सामंतांनी ते मान्य केलं आणि आणखी पाणी मागितलं.

शिमगा आटोपून माणसं गावाहून परतल्यावर बाई आणि त्यांच्या दोघी शिक्षिका चाळी चढल्या. छत्रीपासून बुटांपर्यंत सगळं फुकट मिळतं, हे सांगून झालं. घरोघरी सरबत मिळालं. मूल मिळालं नाही. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्या एका आईचं मूल पुढच्या वर्षी तिसरीत जाणार होतं.

तिथे बाईंना मंडळ आठवलं. लालबाग-परळमध्ये गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्याला दारातून परत पाठवायची रीत नाही. माणूस दूधवाल्याचे पैसे थकवील, पण वर्गणीला नाही म्हणणार नाही. चाळीतल्या मंडळाचा चिटणीस प्रफुल्ल धुरी बाईंचाच विद्यार्थी. पाढ्यांत कच्चा, पण वर्गणीत कधी चुकला नाही.

“तुम्हाला कोणी नाही म्हणतं का रे?” बाईंनी विचारलं.

“तोंडावर नाही म्हणत, बाई.”

बाईंनी उत्तराचा शेवटच तेवढा ऐकला. पहिला शब्द ऐकला असता तर पुढचा घोटाळा टळला असता.

प्रफुल्ल चौघांना घेऊन निघाला. एप्रिलात कार्यकर्ते बघून लोक चरकले. यंदा गणपती लवकर आहेत का, असं एकीने विचारलंही. पैसे नकोत, मूल हवंय, हे कळल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. भराभर नावं मिळाली. आणि नाव मिळालं की हात सवयीने चालतो, तसं प्रफुल्लने मंडळाचं पावतीपुस्तक काढून वर गणपतीचं चित्र असलेली पावती फाडून दिली: ‘एक मूल, साभार पोचलं.’ लोकांनी ती फ्रिजवर, बाकीच्या पावत्यांशेजारी लावली. नावं विसाच्या वर गेली. बाईंनी खोलीला रंग काढला, फळा काळा करून घेतला आणि दाराला लावायचं तोरण स्वतः ओवलं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तोरणाखालून सहा मुलं आत आली.

बाईंना वाटलं, लोक अजून गावी असतील. पण गावाहून आलेले फणस चाळीच्या दारादारात दिसत होते. मग त्या एकेका घरी गेल्या, आणि सगळीकडे एकच उत्तर, तेही जरा दुखावलेल्या सुरात: नाव दिलं ना, बाई? पावतीसुद्धा आहे. वर्गणी देणारा माणूस स्वतः काही मंडपात बसत नाही. शाळा अडचणीत आहे, तिला नावं हवीत, आपण दिली. इतकं साधं होतं ते. मुलं इंग्रजी शाळांत जायची ती गेली होती.

प्रफुल्लला हे समजलं तेव्हा त्याने पावतीपुस्तक उलटून पाहिलं. मग म्हणाला, “गेल्या वर्षीची वर्गणी पण काही जणांनी अशीच दिलीय, बाई. नुसतं नाव.”

बाई त्याला रागावल्या नाहीत. त्यांनी छत्री उचलली आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली.

पहिलं घर रुपाली नाचणकरचं. रुपालीही बाईंचीच विद्यार्थिनी. ती आता जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला होती. तिचे सासरे धोंडू त्या गिरणीत होते आणि त्याआधी बाईंच्या शाळेत. रुपालीची आकांक्षा, पावती क्रमांक एक, टाय लावून कोपऱ्यात बसली होती. तिच्यासमोर इंग्रजी शाळेची वही होती आणि वहीत काय करायचं ते त्या घरात कोणालाच कळत नव्हतं.

बाई मातृभाषेबद्दल बोलू लागल्या. भाषण चांगलं होतं. बाई ते बरीच वर्षं करत होत्या. रुपालीने ते पुरतं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि शांतपणे विचारलं, “सिद्धार्थदादा कुठल्या शाळेत होता, बाई?”

सिद्धार्थ म्हणजे बाईंचा मुलगा. तो दादरच्या इंग्रजी शाळेत होता हे सबंध चाळीला माहीत होतं. इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. धोंडूंनी टीव्हीचा आवाज कमी केला. तो त्यांनी पाहुण्यांसाठीही कधी केला नव्हता.

“इंग्रजी,” बाई म्हणाल्या. “आणि रोज संध्याकाळी मी त्याला पुढ्यात घेऊन बसायचे. शाळेत इंग्रजीतून जे ऐकून यायचा, ते घरी मराठीतून समजावायचे. दहावीपर्यंत. तुझ्या आकांक्षाला कोण समजावणार?”

वही सगळ्यांच्या मध्ये उघडी पडली होती.

“बाई खरा बोलतत,” धोंडू म्हणाले. त्यांना उत्तर द्यायची घरात पद्धत नव्हती.

“शिकवणी लावू,” रुपाली म्हणाली.

“लाव. मग शाळा कशाला?”

रुपालीने वही मिटली. ती विचार करायची तेव्हा चौथीतल्यासारखी ओठ चावायची. बाईंना ते आठवत होतं. “दुकानात गिऱ्हाईक इंग्रजीत बोललं की मी आत पळते, बाई. मॅनेजर बघतो. तिनं असं पळू नये, एवढंच आहे माझं.” मग थोडं थांबून म्हणाली, “असं करा. तिला तुमच्याकडे घालते. पण माझी शिकवणी घ्या. इंग्रजीची. तिचं पुढचं मी बघीन.”

भिंतीवरच्या सगळ्या ध्येयांत हे वाक्य कुठे नव्हतं. बाईंना निवृत्तीआधी संध्याकाळी शाळेत थांबायची मुळीच इच्छा नव्हती; त्यांचे गुडघे गेले होते. पण त्या लगेच हो म्हणाल्या, आणि अट घातली: मूल सकाळी वर्गात दिसेल त्याच दिवशी संध्याकाळी आईला प्रवेश.

दुसऱ्या दिवशी आकांक्षा टायशिवाय आली. संध्याकाळी रुपाली. चाळीत एकीला काही फुकट मिळालं की ते इतरजणींना कळायला माध्यम लागत नाही. मॉलमधल्या, डबे देणाऱ्या, रुग्णालयात आया असलेल्या बायका एकेक करून आल्या; कोणी चौकशीला, कोणी सरळ वही घेऊन. बाईंनी प्रत्येकीला एकच विचारलं: मूल कुठे आहे? काहींनी ते दुसऱ्या सकाळी आणलं. काही परत फिरल्या. दोघींनी मूल आणलं आणि आठवड्यात पुन्हा काढून नेलं. त्यांच्या घरी बाई आणखी दोनदा गेल्या, आणि त्यातल्या एकीच्या घरून हात हलवत परत आल्या.

जूनअखेर सामंत आले. पहिलीत मुलं होती, विसापेक्षा थोडी जास्त, आणि गोंगाट त्याहून पुष्कळ जास्त. त्यांनी कौतुक केलं. मग हळूच म्हणाले की पुढच्या वर्षी पुन्हा बघावं लागेल, नियम आहे. तेव्हा मी नसेन, बाई म्हणाल्या. पण माझ्या दोघी शिक्षिकांना चाळी पाठ झाल्यात. आणि निरीक्षकांनी मागण्याआधी त्यांनी पाणी पुढे केलं.

संध्याकाळी पहिलीच्या बुटक्या बाकांवर मुलांच्या आया गुडघे दुमडून बसल्या होत्या. रुपाली उभी राहून गिऱ्हाईक झालेल्या बाईंना साडीचा भाव इंग्रजीत सांगत होती. चुकत होती, पण आत पळायला दार लांब होतं. तेवढ्यात प्रफुल्ल दारात येऊन घुटमळला. मलाही बसता येईल का, त्याने विचारलं. हल्ली मोठे देणगीदार इंग्रजीतच बोलतात.

“मूल कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

प्रफुल्लचं लग्न व्हायचं होतं. मागच्या बाकावरच्या बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत; नियम तो नियम. आधी लग्न कर, तुझ्या मुलाची पावती तेवढी फाडायची राहिलीय, असं म्हणून त्यांनी फळा पुसला आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.