नावाशेजारचा गोल

"खिडकीत ठेव. हातात नको. कागदाला डाग पडतील."

त्याआधी कॉलेजच्या हेडक्लार्कने आमचं आडनाव विचारलं होतं. आईने माझे प्रवेशाचे कागद खिडकीच्या कठड्यावर ठेवले. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडते. टरफलाच्या तेलाने हात काळे पडतात, कितीही घासले तरी निघत नाहीत.

"हात धुवून आलेय, साहेब," ती म्हणाली. त्याने वर पाहिलं नाही.

आमच्या मागे आईच्याच कारखान्यातली एक बाई लेकीला घेऊन उभी होती. तिचेही हात तसेच काळे. तिचे कागद त्याने हातात घेतले. तिला ताई म्हणाला.

मला कळलं. आईला तर माझ्या जन्माआधीपासून कळलेलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. "बाय, गप ऱ्हा. तुला शिकायचंय ना?"

गप्प राहिले. त्याने रजिस्टरात माझं नाव शाईने लिहिलं आणि शेजारी पेन्सिलीने बारीक गोल काढला. गोलवाल्यांना ओळखपत्र सगळ्यांत शेवटी. पुस्तकं उरली तर. भर वर्गात शिपाई आमची यादी वाचायचा आणि आम्ही उभे राहायचो. पहिल्या वर्षी लाज वाटायची. पुढे तीही वाटेनाशी झाली. माझ्यासोबत उभी राहणारी सुरेखा दुसऱ्या वर्षी यायचीच बंद झाली. का, ते तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता मी पीएचडी करते. विषय, महाविद्यालयीन प्रशासन आणि विद्यार्थ्यांचे प्रवेश. गेल्या महिन्यात परवानगीचं पत्र घेऊन रत्नागिरीतल्या त्याच कॉलेजात गेले. या वेळी खुर्ची मिळाली, चहा आला. मी इथेच शिकले हे ऐकून प्राचार्य म्हणाले, आपल्याकडे भेदभाव औषधालाही सापडणार नाही. जुनी रजिस्टरं घेऊन तोच हेडक्लार्क आला. मला मॅडम म्हणाला. ओळखलं नाही.

आमच्या वर्षाचं पान उघडलं. गोल तसेच होते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? सरळ विचारलं, हे गोल कसले? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग प्राचार्यांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढून माझ्यापुढे सरकवला.

"तेवढे पुसून घ्या, मग खुशाल फोटो काढा. तुम्ही आपल्याच कॉलेजच्या."

राग आला नाही. रडूही नाही. दात काढताना सुई दिल्यावर गाल जड होतो, तसं सगळं अंग झालं होतं. मी खोडरबर उचलला. पानावरचा पहिला गोल पुसला. चुरा फुंकला. मग नाव वाचलं. सुरेखाचं होतं.

चार नावं सोडून खाली माझं. तिथे हात थांबला. खोडरबर टेबलावर ठेवला आणि पानाचा फोटो काढला, उरलेल्या गोलांसकट.

ते पान प्रबंधात जोडलंय. खाली लिहिलंय, यातला एक गोल संशोधिकेने स्वतः पुसला. परवा मार्गदर्शक सर म्हणाले, हे पान आणि हे वाक्य काढा, नाहीतर डिग्री अडकेल. घरी येऊन आईला सांगितलं. या वेळी तिने मनगट धरलं नाही.

रविवारी सुरेखाच्या गावाला जातेय. तेव्हा विचारलं नाही ते विचारायला, आणि तिचा गोल मी पुसला हे तोंडावर सांगायला. ती जे बोलेल तेही प्रबंधात जाईल.

डिग्री अडकू दे. पान निघणार नाही.